अकरावीला कोणते गणित? विषय निवडण्यापूर्वी विद्यार्थी, पालक आणि कार्यकर्त्यांनी माहीत करून घ्यायच्या गोष्टी

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या ऑनलाइन अर्जाची धावपळ सुरू होते. शाखा कोणती, महाविद्यालय कोणते, कटऑफ किती, यावर घरोघरी चर्चा होते. प्रवेश मिळाल्यानंतर मात्र महाविद्यालयाच्या काउंटरवर आणखी एक कागद हाती येतो. त्यावर विषय लिहायचे असतात. वाणिज्य शाखेत गणित की एस.पी., विज्ञान शाखेत गणित, जीवशास्त्र की दोन्ही. कला शाखेत तर गणिताबद्दल कोणी विचारतही नाही. मागे रांग असते, पुढे क्लार्क घाईत असतो, आणि दोन मिनिटांत कागद भरला जातो.

त्या दोन मिनिटांचे परिणाम पुढची अनेक वर्षे सोबत राहतात. उत्तर नागपुरातील वस्त्यांमध्ये काम करताना दर जूनमध्ये आम्ही विहारात विद्यार्थ्यांसाठी बसतो. तिथे मला दोन प्रकारची मुले भेटतात. एक, दहावीला गणितात चांगले गुण असूनही भीतीपोटी गणित सोडणारी. दोन, शेजारच्या मुलाने घेतले म्हणून इंजिनिअरिंगचे गणित घेणारी आणि अकरावीच्या पहिल्या चाचणीतच खचणारी. दोघांचीही एकच अडचण असते. गणित म्हणजे एकच काहीतरी अवघड प्रकरण आहे, ते एक तर घ्यायचे किंवा सोडायचे, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात अकरावी-बारावीला गणिताचे एकापेक्षा जास्त पर्याय आहेत. त्यातील बराच भाग व्यवहारात वापरायचा, म्हणजे उपयोजित गणिताचा आहे. कोणता पर्याय घेतला तर कोणता दरवाजा उघडतो आणि कोणता बंद होतो, हे कळले तर निवड भीतीने होणार नाही.

राज्य मंडळातील दोन गणिते

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत या विषयाचे नाव 'गणित आणि संख्याशास्त्र' असे आहे. त्याची दोन रूपे आहेत. एक कला आणि विज्ञान शाखेसाठी (विषय क्रमांक 40), दुसरे वाणिज्य शाखेसाठी (विषय क्रमांक 88). दोन्हींची पुस्तके बालभारतीची, प्रत्येकी दोन भागांत. दोन्हींत 80 गुणांची लेखी परीक्षा आणि 20 गुण प्रात्यक्षिक-अंतर्गत कामाचे. नाव एकच असले तरी आतला अभ्यास बराच वेगळा आहे.

*कला-विज्ञानाचे गणित:* अकरावीत त्रिकोणमिती, सरळ रेषा, वर्तुळ, शांकव, संमिश्र संख्या, क्रमचय आणि संचय, संभाव्यता, विचलनाची मापे. बारावीत तर्कशास्त्र, मॅट्रिक्स, सदिश म्हणजे व्हेक्टर, रेषा आणि प्रतल, लिनिअर प्रोग्रामिंग, डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन आणि शेवटी संभाव्यता वितरण. वेग, बल, गती यांचे गणित आपल्याकडे भौतिकशास्त्राच्या पुस्तकात असते. पण ते सोडवण्याची हत्यारे, म्हणजे व्हेक्टर आणि कॅलक्युलस, या गणितातून मिळतात. म्हणून भौतिकशास्त्र मनापासून आवडत असेल आणि गणित मात्र नको असेल, तर थोडे थांबून विचार करा.

*वाणिज्याचे गणित:* यातही मॅट्रिक्स, डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन आहे, पण तुलनेने सोप्या पातळीवर. त्यात त्रिकोणमितीचा आणि भूमितीचा भार नाही. त्याऐवजी अकरावीत सहसंबंध, द्विचल वारंवारता वितरण, काय-वर्ग कसोटीचे संख्यामान, व्यापारी गणित. बारावीत कमिशन, दलाली आणि सूट, विमा आणि ॲन्युइटी, रेषीय प्रतिगमन, कालश्रेणी, निर्देशांक, लिनिअर प्रोग्रामिंग, कामांची वाटणी आणि क्रम ठरवण्याची गणिते, संभाव्यता वितरण. रोजच्या व्यवहारात लागणारे गणित कोणते असे विचाराल, तर हेच. तरीही आपल्या वस्तीतील मुले हेच सर्वांत आधी सोडतात, कारण समोर एस.पी. म्हणजे 'चिटणिसाची कार्यपद्धती' हा पाठांतराचा पर्याय असतो.

या गणिताने होते काय? तीन उदाहरणे

*पहिले, कर्जाचा हप्ता.* वस्तीत बचत गटाच्या नावाने किंवा खासगी फायनान्सकडून कर्ज घेतले जाते. समजा 20,000 रुपये कर्ज, 12 महिने मुदत, व्याज 'महिन्याला फक्त 2 टक्के'. सावकार पूर्ण रकमेवर पूर्ण वर्षाचे व्याज लावतो. म्हणजे 4,800 रुपये व्याज आणि महिन्याला सुमारे 2,067 रुपये हप्ता. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत आहात. वर्षाच्या शेवटी तुमच्याकडे 20,000 नसतातच, तरी व्याज मात्र 20,000 वरच चालू असते. घटत्या शिल्लक रकमेवर हिशोब केला तर हा दर महिन्याला सुमारे 3.5 टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे 42 टक्के निघतो. वाणिज्य गणितातील ॲन्युइटीचा धडा नेमके हेच शिकवतो. आपल्या आयाबहिणी ज्या कागदावर अंगठा किंवा सही करतात, तो कागद वाचता येणे हा या धड्याचा उपयोग.

*दुसरे, मर्यादित साधनांत जास्तीत जास्त उत्पन्न.* एका शिवणकेंद्राकडे 100 मीटर कापड आणि 120 तास काम आहे. एका गणवेशाला 2 मीटर कापड आणि 3 तास लागतात, नफा 90 रुपये. एका पिशवीला 1 मीटर कापड आणि 1 तास लागतो, नफा 35 रुपये. बहुतेक जण म्हणतील, गणवेशात नफा जास्त, तेच शिवा. तसे केले तर वेळ संपेपर्यंत 40 गणवेश होतात आणि नफा 3,600 रुपये. फक्त पिशव्या शिवल्या तर 100 पिशव्या आणि 3,500 रुपये. पण 20 गणवेश आणि 60 पिशव्या शिवल्या तर कापडही पूर्ण वापरले जाते, वेळही, आणि नफा 3,900 रुपये होतो. हे उत्तर आलेखावर दोन रेषा काढून मिळते. यालाच लिनिअर प्रोग्रामिंग म्हणतात. जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये अशी मोठी गणिते सोडवण्याची सिम्प्लेक्स पद्धत मांडली. आज विमान कंपन्यांपासून गोदामांपर्यंत नियोजन करणाऱ्यांच्या हातात तिचीच पुढची रूपे आहेत. हा धडा विज्ञानाच्या आणि वाणिज्याच्या, दोन्ही पुस्तकांत आहे.

*तिसरे, निधी खरोखर वाढला का?* समजा एखाद्या योजनेची तरतूद काही वर्षांपूर्वी 100 कोटी होती आणि आज 120 कोटी आहे. बातमी येते, 'तरतुदीत 20 टक्के वाढ'. पण त्या काळात किमतींचा निर्देशांक 100 वरून 130 वर गेला असेल, तर आजचे 120 कोटी म्हणजे जुन्या किमतीत सुमारे 92 कोटीच. तरतूद वाढली नाही, घटली. हा निर्देशांकाचा धडा. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता अशाच निर्देशांकावर ठरतो. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात मिळावा, ही आपली जुनी मागणी आहे. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण 11.8 टक्के आहे. ही मागणी करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला टक्केवारी आणि निर्देशांक एका कागदावर मांडून दाखवता आले पाहिजेत.

बाबासाहेबांनी 1918 मध्ये 'स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज' हा लेख लिहिला आणि 1923 मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शेतीचा तुकडा लहान की मोठा हे केवळ एकरांवर ठरत नाही, त्या जमिनीवर वापरले जाणारे श्रम आणि भांडवल यांच्या प्रमाणावर ठरते, हा त्यांचा युक्तिवाद प्रमाणांचाच आहे. आपण त्यांच्या अर्थशास्त्राचा अभिमान बाळगतो. ते अर्थशास्त्र वाचायला लागणारे गणित मात्र आपली मुले सोळाव्या वर्षीच सोडून देतात.

सीबीएसईच्या विद्यार्थ्यांसाठी

सीबीएसईने 2020-21 पासून अकरावीला 'अप्लाइड मॅथेमॅटिक्स' (241) हा वेगळा विषय सुरू केला. त्यात आर्थिक गणित, निर्देशांक, संभाव्यता, अनुमानात्मक संख्याशास्त्र, लिनिअर प्रोग्रामिंग आणि थोडे कॅलक्युलस असते. वाणिज्य, अर्थशास्त्र, सामाजिक शास्त्रांकडे जाणाऱ्यांसाठी तो चांगला आहे. नेहमीचे गणित (041) आणि हा विषय दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. इंजिनिअरिंग, भौतिकशास्त्र किंवा शुद्ध गणिताकडे जायचे असेल तर नेहमीचे गणितच घ्या. दहावीला बेसिक गणित घेतले असेल तर अकरावीला काय मिळू शकते, हे त्या वर्षीच्या परिपत्रकावर अवलंबून असते. शाळेत लेखी विचारून घ्या.

कोणता दरवाजा कोणत्या गणिताने उघडतो

*कला-विज्ञानाचे गणित लागतेच असे अभ्यासक्रम:*

- इंजिनिअरिंग. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात सध्या गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, म्हणजे 200 पैकी 100 गुण गणिताचे आहेत. सुमारे 20 टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर, 80 टक्के बारावीच्या. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. जेईईलाही गणित अनिवार्य.
- एनडीएमार्फत हवाई दल आणि नौदल. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण लेखी परीक्षेत गणिताचा 300 गुणांचा पेपर सर्वांनाच द्यावा लागतो. 2021 पासून मुलींनाही ही परीक्षा देता येते.
- भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट. आणि बी.मॅथ. या पदव्या. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 मध्ये कोलकात्यात स्थापन केलेली ही संस्था संख्याशास्त्रासाठी जगभर ओळखली जाते. आपल्या मुलांना तिचे नावही माहीत नसते.

*बारावीला कोणते तरी गणित असावे लागते किंवा असल्याने मोठा फायदा होतो असे अभ्यासक्रम:*

- बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, आयटी, संख्याशास्त्र. अनेक विद्यापीठांत बारावीला गणिताची अट असते. काही ठिकाणी वाणिज्याचे गणितही चालते. प्रत्येक महाविद्यालयाचे माहितीपत्रक वाचा.
- दिल्ली विद्यापीठातील बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्र. सीयूईटीत गणिताचा पेपर द्यावा लागतो.
- सीए. बारावीला गणित असण्याची अट नाही. पण सीए फाउंडेशनमध्ये व्यावसायिक गणित, तर्कबुद्धी आणि संख्याशास्त्राचा एक पूर्ण पेपर असतो. एस.पी. घेतलेला विद्यार्थी तिथे पहिल्यांदा अडखळतो.
- विमा क्षेत्रातील ॲक्चुअरी. प्रवेश परीक्षेतच गणित आणि संख्याशास्त्र असते.

*गणिताशिवाय चालते असे अभ्यासक्रम:*

- एमबीबीएस, बीडीएस आणि नीटमधून होणारे इतर प्रवेश. नीटला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र असते.
- बी.फार्म. आणि कृषी. पीसीएम आणि पीसीबी दोन्ही गटांना संधी असते.
- बी.कॉम., कायदा, बी.ए., समाजकार्य, पत्रकारिता.
- एमपीएससी, यूपीएससी, बँक, पोलीस भरती. यातील अंकगणित साधारण दहावीच्या पातळीचे असते. अकरावीला गणित सोडले म्हणून या परीक्षा बंद होत नाहीत. दहावीचे गणित विसरले तर मात्र अडचण होते.

विज्ञान शाखेत चारही विषय घ्यावेत का?

राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत इंग्रजी, दुसरी भाषा किंवा आयटी, आणि चार विषय अशी रचना असते. त्यामुळे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे चारही एकत्र घेता येतात.

ज्याचे डॉक्टर किंवा इंजिनिअर असे काहीच ठरलेले नाही, त्याने अकरावीला चारही घेणे शहाणपणाचे आहे. ज्याचे नीट पक्के आहे, त्यानेही स्वतःला एक प्रश्न विचारावा. नीटमध्ये हवा तसा क्रमांक आला नाही तर पुढे काय? आमच्या वस्तीतील एका मुलाने जीवशास्त्र ठेवून गणित सोडले. दोनदा नीट दिली, प्रवेश मिळाला नाही. दरम्यान मित्राच्या संगणकावर तो प्रोग्रामिंग शिकू लागला आणि त्याला ते जमलेही. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करायला गेला तेव्हा 'बारावीला गणित नाही' म्हणून तो खिडकीवरूनच परतला. हुशारीत तो कमी नव्हता. अकरावीत कोणी त्याला हे सांगितले नव्हते, एवढेच.

उलट बाजूही खरी आहे. चार विषयांचा भार झेपत नसेल, घरी अभ्यासाला जागा नसेल, सकाळी पेपर टाकायला जावे लागत असेल, तर चारही विषय घेऊन सगळ्यांत काठावर राहण्यापेक्षा तीन नीट करणे बरे. सामायिक परीक्षेच्या गुणांइतकेच बारावीत किमान टक्के मिळवणेही महत्त्वाचे असते. इंजिनिअरिंगच्या पात्रतेसाठी राज्यात मागासवर्गीय विद्यार्थ्यांना संबंधित विषयांत 40 टक्के, खुल्या प्रवर्गाला 45 टक्के लागतात.

बायफोकल विषयही लक्षात ठेवा. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा 200 गुणांचा विषय घेतला की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय, बहुधा जीवशास्त्र, सुटतो. गणित आवडणाऱ्यांना तो गुण मिळवून देतो, पण नीटचा रस्ता बंद करतो.

भीतीबद्दल थोडे स्पष्ट

गेल्या वर्षी एक मुलगी वडिलांसोबत आली. दहावीला गणितात 71 गुण. वडील ई-रिक्षा चालवतात. मुलीला बँकेत काम करायचे होते. मी वाणिज्य गणित सुचवले. वडील म्हणाले, "ताई, गणित नको. नापास झाली तर वर्ष जाईल. एस.पी. घेतली तर पास तरी होईल." त्यांची भीती खोटी नव्हती. त्यांच्या घरात बारावीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच होती. नापास होणे म्हणजे कदाचित शिक्षणच संपणे. ज्यांच्याकडे दुसरी संधी असते त्यांना धोका पत्करणे सोपे जाते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

तिने गणित घेतले. आम्ही वस्तीतल्याच एका बी.कॉम.च्या मुलाला आठवड्यातून दोन संध्याकाळी विहारात बसायला तयार केले. तिच्यासोबत आणखी चार मुली बसू लागल्या. ती अकरावी पास झाली. गणितात तिचे गुण एस.पी. घेतलेल्या मैत्रिणीपेक्षा कमीच आले, हेही खरे. पण कर्जाच्या हप्त्याचे वर दिलेले उदाहरण तिने आईच्या पासबुकावर करून पाहिले. आता घरात कर्जाचा कागद आला की आधी तिच्याकडे जातो.

माझे स्वतःचे सांगते. दहावीनंतर मी कला शाखा घेतली. कनिष्ठ महाविद्यालयात गणित मिळेल का असे विचारले तेव्हा क्लार्क हसला आणि म्हणाला, आर्ट्सला कशाला गणित? वास्तविक पुस्तकाच्या नावातच कला आणि विज्ञान दोन्ही आहेत. पण शिकवायला कोणी नव्हते आणि भांडायला मला कळत नव्हते. पुढे समाजशास्त्राच्या एम.ए.ला संशोधन पद्धती हा पेपर आला. शाळा सोडलेल्या मुलींचे सर्वेक्षण मी घरोघरी जाऊन केले होते. शाळेचे अंतर आणि शाळा सोडणे यांचा संबंध आहे, हे मला डोळ्यांनी दिसत होते. तो संबंध योगायोगाचा नाही हे दाखवायला काय-वर्ग कसोटी लागत होती, आणि ती मला येत नव्हती. कोष्टक मी दुसऱ्याकडून करून घेतले. तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न आला तेव्हा गप्प बसले. माझ्याच वस्तीची माहिती, माझेच श्रम, आणि तिचा अर्थ सांगायला दुसऱ्याची जीभ. नंतर वाणिज्य अकरावीच्या पुस्तकात तोच धडा पाहिला तेव्हा वाईट वाटले. सोळाव्या वर्षी तो समजला असता.

मराठी माध्यमाच्या मुलांची खास अडचण

मराठी माध्यमातून विज्ञान शाखेत गेलेल्या मुलांना पहिल्या दोन महिन्यांत गणित अवघड वाटते, ते बरेचदा भाषेमुळे. विज्ञान शाखेत शिकवणे बहुतेक इंग्रजीतून होते. संभाव्यता ओळखीची असते, पण फळ्यावर 'प्रोबॅबिलिटी' येते. 'फॅक्टर' म्हणजे अवयव, 'स्लोप' म्हणजे चढ, 'मीन' म्हणजे मध्य, 'ट्रँगल' म्हणजे त्रिकोण. हे जोडून देणारे कोणी नसेल तर मुलगा समजतो की आपल्याला गणितच येत नाही. दहावीच्या सुट्टीत इंग्रजी माध्यमाचे दहावीचे गणिताचे पुस्तक घेऊन आपल्या पुस्तकाशेजारी ठेवा आणि शंभरेक शब्दांची वही करा. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तके मोफत मिळतात. दोन महिन्यांचा त्रास पंधरा दिवसांच्या या कामाने बराच कमी होतो.

आधीच सोडले असेल तर?

गणित सुटले म्हणजे सगळे संपले असे नाही.

- अकरावीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत विषय बदलून मिळू शकतो. प्राचार्यांकडे लेखी अर्ज करा. जितका उशीर, तितके अवघड.
- बारावी झाल्यावर राज्य मंडळातून केवळ गणित हा स्वतंत्र विषय म्हणून देण्याची सोय आहे. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतूनही एखादा विषय देता येतो. ज्या अभ्यासक्रमाला जायचे आहे, तिथे असा विषय ग्राह्य धरतात का, हे आधी विचारा.
- दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा हा वेगळा रस्ता आहे. त्यात उपयोजित गणित शिकवले जाते आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. लवकर कमावते होण्याची गरज असलेल्या घरांसाठी हा पर्याय गंभीरपणे पाहावा.
- आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्समधील ऑनलाइन बी.एस. अभ्यासक्रमासाठी बारावी उत्तीर्ण आणि दहावीला गणित व इंग्रजी पुरते. बारावीला गणित नसले तरी पात्रता फेरी देता येते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत आहे.

कागदावर विषय लिहिण्यापूर्वी पाच प्रश्न

1. बारावीनंतर मला जे करायचे आहे, त्यातील किमान दोन अभ्यासक्रमांच्या पात्रतेत गणित लिहिले आहे का? ऐकीव माहिती नको, माहितीपत्रक पाहा.
2. पहिला बेत फसला तर माझा दुसरा बेत कोणता, आणि त्याला गणित लागते का?
3. मला गणित जमत नाही, की मला नीट शिकवले गेले नाही? दहावीची एक जुनी प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवा. उत्तर तिथे मिळेल.
4. या महाविद्यालयात गणिताचा शिक्षक खरोखर आहे का? दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. काही ठिकाणी विषय कागदावर असतो, वर्गात नसतो.
5. अडलो तर विचारायला कोण आहे?

कार्यकर्त्यांसाठी

आपण जयंतीला गुणवंतांचा सत्कार करतो, वह्या-पुस्तके वाटतो. ते चांगलेच आहे. पण सत्काराच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलाने कोणता विषय घेतला, हे आपल्याला माहीत असते का? निकाल ते प्रवेश या दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक विहारात रोज एक तास कोणीतरी बसले पाहिजे. इंजिनिअर, सीए, बँक कर्मचारी, शिक्षक, जे कोणी वस्तीतून पुढे गेले त्यांनी आळीपाळीने. भाषण नको. समोर माहितीपत्रके ठेवायची आणि एकेका मुलासोबत वरचे पाच प्रश्न सोडवायचे.

सोबत कागदपत्रांची यादीही हवी. अकरावीपासूनच महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत जात पडताळणीचा अर्ज करावा. सीईटीत चांगले गुण मिळवूनही केवळ पडताळणीच्या कागदासाठी जागा अडकणे हे दुःख टाळता येण्यासारखे आहे. नियम आणि रकमा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात पाहूनच सांगा.

आणि जूनमध्ये निवड करून दिली की काम संपत नाही. ऑगस्टच्या पहिल्या चाचणीत मुले खचतात. तेव्हा आठवड्यातून दोन संध्याकाळी विहारात एक फळा, एक दिवा आणि गणित येणारा एक मोठा भाऊ किंवा ताई असेल, तर निम्मी लढाई जिंकली. गणित घ्या असा आग्रह प्रत्येकाला करू नका. ज्याला खरोखर नको आहे, त्याला समजून-उमजून सोडू द्या. रांगेतल्या घाईमुळे किंवा आपल्यापैकी कोणी सांगितले नाही म्हणून मात्र एकाही मुलाचे, एकाही मुलीचे गणित सुटता कामा नये.

जय भीम.